बंधाऱ्यावरची पट्टी आणि ओपन सेट

भाचीनं वही पुढं सरकवली तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर एकच मेसेज येऊन पडत होता: राजाराम बंधारा, पाणीपातळी इतके फूट, इतके इंच. आम्ही कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले. पंचगंगा जवळ, त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडं तारीख विचारत नाहीत, पातळी विचारतात. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. हे दोन आकडे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

भाची एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला. तिची तक्रार टोपोलॉजी या गणिताच्या शाखेबद्दल होती. "मामा, व्हिडिओत डोनटचा कप होत होता. दोघांना एकच भोक, म्हणून दोघं एकच, असं कायतरी. हितं दोन महिने झाले, डोनट नाही की कप नाही. ह्यात आकार कुठायत वो?"

वहीत तीन ओळी होत्या. एक संच घ्या. त्याच्या उपसंचांचं एक कुटुंब निवडा. कुटुंबात रिक्त संच आणि अख्खा संच असलाच पाहिजे. कुटुंबातल्या कितीही संचांचा संयोग केला, अगदी अनंत संचांचा, तरी तो कुटुंबातच राहिला पाहिजे. आणि सांत, म्हणजे मोजून संपतील एवढ्याच संचांचा छेद कुटुंबात राहिला पाहिजे. अशा कुटुंबाचं नाव टोपोलॉजी, आणि त्यातल्या प्रत्येक संचाचं नाव ओपन सेट.

संयोग आणि छेद नववीतच झालेले असतात, तेव्हा शब्द अवघड नाहीत. अवघड हे की असं का, हे कुणी सांगत नाही. भाचीनं नेमका खरा प्रश्न विचारला: "संयोगाला कितीही चालतात, मग छेदालाच मोजून का?"

मी तिला फोन दाखवला. 42 फूट 11 इंच.

समजा, आपल्याला एवढंच ठरवायचंय की पाणी 43 फुटांच्या वर गेलंय का. बंधाऱ्यावर पट्टी आहे, पण कुठलीच पट्टी अगदी बरोबर नसते. लाटा असतात, बघणाऱ्याचा डोळा असतो. एखादी पट्टी इंचभर चुकते, चांगली असली तर दशांश इंच चुकते. आता पाणी खरोखर 43 फूट अर्धा इंच आहे असं धरू. इंचभर चुकणाऱ्या पट्टीनं ते कळणार नाही. पण दशांश इंच चुकणारी पट्टी आणली की ती छातीठोकपणे सांगेल, गेलं वर. पाणी 43 च्या केसभर वर असेल तर आणखी बारीक पट्टी लागेल, पण अशी पट्टी कुठंतरी असणार. थोडक्यात, पाणी खरंच 43 च्या वर असेल तर कुठली ना कुठली पट्टी ते सिद्ध करू शकते.

आता प्रश्न जरासा बदलू. पाणी 43 फूट किंवा त्याहून वर आहे का? पाणी बरोब्बर 43 वर असेल तर उत्तर 'हो' आहे, पण ते सिद्ध कोण करणार? पट्टी कितीही बारीक आणा, ती म्हणणार 43, पण थोडं इकडंतिकडं असू शकेल. आणि त्या इकडंतिकडंमध्ये 43 च्या खालचाही भाग येतो. 'हो' खरं असूनही कुठलीच पट्टी ते पक्कं करू शकत नाही.

पहिल्या प्रकारचा संच ओपन, दुसऱ्या प्रकारचा नाही. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, फक्त पट्टीशिवाय: संचातल्या प्रत्येक बिंदूभोवती थोडीशी तरी अशी जागा सापडली पाहिजे जी पूर्णच्या पूर्ण संचात आहे. बिंदू काठावर नको. त्याला हलायला जागा पाहिजे. ती जागा किती हे बिंदूगणिक बदललं तरी चालेल, शून्य मात्र नको.

हे डोक्यात बसलं की त्या तीन ओळी पाठ कराव्या लागत नाहीत. संयोग म्हणजे 'हे तरी खरं, नाहीतर ते तरी खरं'. त्यातलं एक जरी पट्टीनं सिद्ध झालं की काम झालं. पर्याय दोन असोत की अनंत, सिद्ध एकच करायचंय. म्हणून कितीही चालतात. छेद म्हणजे 'हेही खरं आणि तेही खरं'. दोन गोष्टी असतील तर दोन पट्ट्या लागतील, आणि त्यातली बारीक पट्टी दोन्ही कामं करेल. दहा असतील तर दहांतली सगळ्यात बारीक. पण अनंत असतील तर?

भाचीला मी ते लिहून दाखवलं. पाणी 43 पासून 1 फुटाच्या आत आहे. अर्ध्या फुटाच्या आत आहे. तिसऱ्या हिश्श्याच्या, चौथ्या हिश्श्याच्या आत आहे. अशी न संपणारी विधानं. प्रत्येक विधान एकटं घेतलं तर ओपन. सगळी एकदम खरी असली तर पाणी कुठं आहे?

"बरोब्बर 43 वर," ती म्हणाली. मग थांबून, "आणि ते कुठलीच पट्टी सांगू शकत नाही."

म्हणून छेदाला मोजून. अनंत पट्ट्यांमध्ये सगळ्यात बारीक पट्टी असेलच याची खात्री नसते. रिक्त संच म्हणजे कधीच खरं नसणारं विधान, ते सिद्ध करायची वेळच येत नाही. अख्खा संच म्हणजे नेहमीच खरं असणारं, त्याला पट्टीच लागत नाही. झाल्या तीन ओळी.

मी हे शिकलो तेव्हा कुठल्या पट्टीबिट्टीनं शिकलो नव्हतो, आणि त्याची किंमतही मोजली. अंतर्गत परीक्षेत एक संच ओपन नाही हे दाखवून मी पुढं ऐटीत लिहिलं, 'म्हणून तो क्लोज्ड आहे.' सरांनी त्या 'म्हणून'भोवती लाल गोल काढला, शेरा काहीच नाही. पाचपैकी शून्य. तो गोल मला अजून दिसतो.

चूक अशी की क्लोज्डची व्याख्या 'ओपन नसलेला' अशी नाहीच. ज्याच्या बाहेरचा सगळा भाग ओपन आहे, तो क्लोज्ड. 43 किंवा वर हा संच क्लोज्ड आहे, कारण पाणी 43 च्या खाली असेल तर ते पट्टीनं सिद्ध होतं. आता आपलाच आकडा घ्या: इशारा पातळी गाठलीय पण धोका पातळी गाठलेली नाही, म्हणजे 39 धरून 43 च्या आत. पाणी बरोब्बर 39 वर असेल तर 'आत आहे' हे सिद्ध होणार नाही, म्हणून हा संच ओपन नाही. बरोब्बर 43 वर असेल तर 'बाहेर आहे' हे सिद्ध होणार नाही, म्हणून तो क्लोज्डही नाही. पंचगंगेकाठची माणसं दरवर्षी कित्येक दिवस ह्या ना ओपन ना क्लोज्ड संचात काढतात.

उलट, दोन्ही असलेले संचही असतात. परिमेय संख्यांचंच जग घ्या, जिथं √2 नावाची संख्याच नाही. त्यात √2 पेक्षा मोठ्या संख्यांचा संच ओपन आहे आणि क्लोज्डही. ज्या काठावर पट्टी अडकली असती, तो काठच या जगात नाही. असा संच सापडला, आणि तो रिक्त किंवा अख्खा नसला, की ते जग दोन तुकड्यांत फाटलेलं आहे असं म्हणतात. असं फाटत नसेल तर ते कनेक्टेड. डोनटवाल्या टोपोलॉजीकडं जाणारी वाट इथून फुटते, त्यावर पुढं येतोच.

आधी पट्टीचाच हिशोब पुरा करू. तुम्ही म्हणाल, पट्टी म्हणजे अंतरच की. मग व्याख्येत अंतराचं नाव का नाही? अंतरापासूनच सुरुवात झाली होती. 1906 मध्ये फ्रेंच गणिती मॉरिस फ्रेशेनं कुठल्याही संचावर अंतर कसं मांडायचं याचे नियम दिले. राजारामपुरीत याचा अनुभव घ्या. ओळीनं गल्ल्या. पाचव्या गल्लीतून नवव्या गल्लीत कावळा जाईल ते अंतर वेगळं आणि रिक्षा जाईल ते वेगळं, कारण रिक्षाला आधी मेन रोडवर यावं लागतं. कावळ्याच्या हिशोबानं 'शंभर मीटरच्या आत' म्हणजे वर्तुळ. आडवं-उभंच जाता येतं अशा चौकटीतल्या हिशोबानं तेच चौकोनी, शंकरपाळ्यासारखं. पण गंमत अशी की प्रत्येक वर्तुळात एक छोटी शंकरपाळी मावते आणि प्रत्येक शंकरपाळीत एक छोटं वर्तुळ. त्यामुळे एका हिशोबानं जे संच ओपन, तेच दुसऱ्यानंही ओपन. आकडे बदलले, 'जवळ'ची समज बदलली नाही. मग आकडे कशाला सांभाळायचे?

हा विचार 1914 मध्ये जर्मन गणिती फेलिक्स हाउसडॉर्फनं आपल्या पुस्तकात नेटका मांडला. त्यानं अंतर बाजूला ठेवलं आणि प्रत्येक बिंदूचे शेजार, म्हणजे त्याच्याभोवतीच्या जागा, कसे असावेत याचे नियम लिहिले. वहीतल्या तीन ओळी त्याच वाटेनं पुढं घासूनपुसून आल्या. त्याच्या नियमांत एक चौथी अटही होती: वेगळ्या दोन बिंदूंना वेगळे, एकमेकांना न शिवणारे शेजार असावेत. आपल्या भाषेत, दोन वेगळ्या पातळ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणारी पट्टी असावी. आज ही अट मूळ व्याख्येत घेत नाहीत, पण ती पाळणाऱ्या जगाला त्याच्याच नावानं ओळखतात. हाउसडॉर्फ ज्यू होता. 1942 च्या जानेवारीत छावणीत हलवण्याचा हुकूम आला, तेव्हा बॉनमधल्या घरी त्यानं, पत्नीनं आणि मेहुणीनं जीवन संपवलं. अभ्यासक्रमात त्याचं नाव दर पानाला येतं, म्हणून हेही एकदा माहीत असावं.

आता कंटिन्युअस फंक्शन, म्हणजे मध्येच न तुटणारं. इथं निम्मा वर्ग गळतो. व्याख्या म्हणते: उत्तराच्या बाजूचा कुठलाही ओपन सेट घ्या, मागं जाऊन त्यात नेऊन टाकणारे सगळे बिंदू गोळा करा, तो संचही ओपन असला पाहिजे. पोरांचा प्रश्न एकच, मागं का जायचं? सरळ पुढं जाऊन का नाही बघायचं?

माझ्या आजोळी, करवीर तालुक्यात, गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळत असायचा, चुलवाणात चिपाडं धडाडत असायची, आणि गुळव्या मधूनच थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघायचा. गोळी मऊ आली तर अजून वेळ आहे, कडक आली तर उशीर झाला. तो कधीही असं विचारत नव्हता की मी मिनिटभर इकडंतिकडं केलं तर गूळ कसा होईल. त्याचा विचार उलटा: गूळ एवढ्या घट्टपणाच्या मर्यादेत बसायला पाहिजे, तर काहील उतरवायची वेळ किती सांभाळायची? आधी उत्तराची मर्यादा, मग त्यावरून मागं जाऊन वेळेची मर्यादा. वेळेत थोडी सूट मिळत असेल, तर गूळ कंटिन्युअस आहे. मागं जाणं म्हणजे हेच.

पुढं जाऊन बघितलं तर साधा वर्गही फसवतो. उणे 1 ते 1 मधल्या सगळ्या संख्यांचा वर्ग केला तर 0 धरून 1 च्या आतल्या संख्या मिळतात. आत घातला ओपन सेट, बाहेर आला 0 च्या काठावर अडकलेला. तरी वर्ग करणं हे कंटिन्युअसच आहे.

आणि तुटणारं फंक्शन? बंधाऱ्यावर भोंगा बसवलाय असं समजा. पाणी 43 च्या वर गेलं की वाजतो, नाहीतर गप्प. उत्तरं दोनच, वाजणं आणि गप्प राहणं. 'गप्प' कडून मागं गेलं की मिळतात 43 धरून खालच्या सगळ्या पातळ्या. हा संच ओपन नाही, त्याच्या काठावर 43 बसलाय. म्हणजे भोंगा कंटिन्युअस नाही, आणि का नाही याचं बोट नेमकं 43 वर ठेवता येतं.

इथं एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. तोच भोंगा, पण आता 'वाजला' एवढंच खात्रीनं कळतं असं धरा. 'गप्प' याची खात्री कधीच नसते, पुढच्या क्षणाला वाजेल की काय कोण जाणे. रात्री दोनला जागून बसलेल्या माणसाला विचारा. म्हणजे दोन बिंदू, आणि ओपन सेट तीनच: रिक्त, एकटा 'वाजला', आणि दोन्ही. तिन्ही नियम पाळले जातात, हे वहीवर तपासता येतं. या दोन बिंदूंच्या जगाला पोलिश गणिती सिएर्पिन्स्कीचं नाव आहे. यात हाउसडॉर्फची अट मोडते, आणि आपला भोंगा मात्र कंटिन्युअस होतो. फंक्शन तेच राहिलं, फक्त काय सिद्ध करता येतं हे बदललं.

कॉम्पॅक्ट या शब्दावर मी थोडक्यात बोलणार, कारण तो वाचून कळत नाही, वापरून कळतो. एक रस्ता घ्या, 0 पासून 1 पर्यंत, पण 0 हे टोक वगळून. त्यावर अनंत दिवे लावलेत. दुसरा दिवा अर्ध्याच्या पुढचा रस्ता उजळतो, तिसरा एक तृतीयांशाच्या पुढचा, शंभरावा एक शतांशाच्या पुढचा. सगळे मिळून अख्खा रस्ता उजळतात. आता वीजबिल वाचवायला यातले मोजकेच ठेवा म्हटलं तर जमत नाही, शून्याजवळचा थोडा भाग अंधारात राहतोच. आता 0 हे टोकही रस्त्यात घ्या. त्या टोकाला उजळायला कुठलातरी नवा दिवा लागणार, आणि तो फक्त टोक उजळत नाही, टोकापासून थोडं पुढंपर्यंत उजळतो. बाकी उरलेल्या रस्त्याला मग वरच्यातले मोजकेच दिवे पुरतात. कुणीही, कसेही दिवे लावले तरी त्यातले मोजके ठेवून भागतं, अशा जागेला कॉम्पॅक्ट म्हणायचं. 'मोजके दिवे लावून जागा उजळता येते' हे कॉम्पॅक्ट नव्हे. एक मोठा दिवा लावून ते कुठंही करता येतं. दुसऱ्यानं लावलेल्या दिव्यांतूनच निवडायचे असतात. परीक्षेत मार्क इथंच जातात.

डोनटचं राहिलं होतं. रंकाळ्याला सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हे पायानं माहीत आहे. तळ्याभोवतीच्या वाटेवर एका जागी खणून ठेवलं, तरी उलट्या बाजूनं फिरून पलीकडं जाता येतं. वाट लांबते, तुटत नाही. सरळ रस्त्याचं तसं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि मधल्या त्या पट्ट्यानं रस्त्याचे दोन तुकडे केले. अलीकडचे ट्रक अलीकडं, पलीकडचे पलीकडं, दिवसचे दिवस.

एवढ्यावर एक खरं प्रमेय उभं राहतं. दोन जागांमध्ये असं फंक्शन सापडलं की जे एकास एक आहे, जाताना कंटिन्युअस आहे आणि परत येतानाही, तर टोपोलॉजीत त्या दोन जागा एकच. डोनट आणि कप त्या अर्थानं एक. आता सरळ रेषा आणि वर्तुळ एक असतील का? समजा असतील. मग रेषेतला एक बिंदू काढा, आणि वर्तुळातला त्याचा जोडीदार काढा. उरलेलंही एकच असायला पाहिजे. पण रेषेचे दोन तुकडे झाले आणि वर्तुळ अजून एकसंध आहे. म्हणून एक नाहीत. वाकवून, ताणून, कसंही करून रंकाळ्याची वाट महामार्ग होणार नाही. आणि यात 'तुकडे' म्हणजे काय, हे सांगायला तेच ओपन सेट लागतात. भाची म्हणाली, "म्हंजे आकार होताच की ह्यात." होता, फक्त तळघरात होता.

मग मी तिला गृहपाठ दिला. पुस्तकातली दहा प्रमेयं पाठ करण्यापेक्षा हा बरा, असं माझं मत आहे. तीन बिंदूंचा संच घे. बिंदूंना नावं दे: कट, फरसाण, ब्रेड. (मिसळीबरोबर पाव मागणाऱ्यानं पुण्याला जावं.) त्याचे आठ उपसंच होतात, आणि त्या आठांतून कुटुंबं निवडायच्या 256 तऱ्हा. त्यातल्या टोपोलॉजी किती, ते हातानं शोध. उदाहरणार्थ, रिक्त, एकटा कट, एकटा ब्रेड आणि अख्खी मिसळ हे कुटुंब चालणार नाही. कट आणि ब्रेडचा संयोग त्यात नाही. असं एकेक तपासत जायचं. उत्तर 29 येतं. नावं पुसून नुसती रचना पाहिली तर 9 उरतात. चार बिंदू घेतले तर 29 चे 355 होतात, म्हणून तीनवर थांबायचं.

दोन दिवसांनी पाऊस ओसरला, पातळी 40 च्या खाली आली आणि भाची वही घेऊन आली. पेन्सिलीनं गोल काढलेली अठ्ठावीस कुटुंबं. सगळी बरोबर. सगळे उपसंच ओपन असलेलंही होतं, म्हणजे जिथं पट्टी इतकी बारीक की प्रत्येक बिंदू एकटा ओळखता येतो.

"एक कमी हाय," मी म्हणालो.

तिनं परत मोजलं. परत अठ्ठावीस. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि ती कपाळावर हात मारून हसली. तिनं रिक्त संच आणि अख्खी मिसळ, एवढ्या दोघांचंच कुटुंब सोडलं होतं.

"त्यात काहीच नाही म्हणून लिहिलं नव्हतं वो मामा. पट्टीच नाही त्यात."

पट्टीच नाही, बरोबर. कट कुठला आणि ब्रेड कुठला हे कुणीच सांगू शकत नाही असं जग. तिनं एकोणतिसावा गोल काढला, आत काहीच न लिहिता.